तीनचा भोंगा

दुपारी तीनच्या सुमारास मला अजूनही बसवत नाही. अडीच वाजून गेले की मी उठते, पुसलेली फळी पुन्हा पुसते, भरलेला हंडा उगाच हलवून बघते, दारापर्यंत जाते आणि परत येते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई चार बायकांत म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी बांधून पाठवलीय बापानं. त्या थट्टेनं म्हणायच्या. पण बोलता बोलता त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

माझा बाप कारखान्यात होता. मूळचे आम्ही समुद्राकाठचे, मासळीवर जगणारे. पण तारापूरची कारखान्यांची वसाहत नवी नवी उभी राहत होती, माणसं घेत होते, तेव्हा त्यानं होडी सोडली आणि तिथं चिकटला. कुंभवलीच्या बाजूला एका चाळीत आम्ही खोली घेतली. तो, आई आणि मी. त्याची पहिली पाळी तीनला सुटायची. भोंगा व्हायचा, आणि भोंग्यापासून त्याची सायकल दारात येईपर्यंत जो वेळ जायचा, त्या वेळात मी वाढले.

भोंगा झाला की आई रेडिओ बंद करायची आणि दारातल्या चपला सरळ करायची. मी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसायचे. गुडघे पोटाशी, खांदे कानाशी, श्वास अर्ध्यावर धरलेला. सायकलचं स्टँड कसं लागतं ते ऐकायचं. हळू लागलं तर खिशात पुडी, भज्यांची नाहीतर जिलेबीची, आणि मग तो मला मांडीवर घेऊन स्वतःच्या हातानं भरवायचा. आपटून लागलं तर कमरेचा पट्टा निघायचा. बरं, तेही पक्कं नाही. कधी स्टँड हळू लागायचं, पुडीही यायची, आणि जिलेबी तोंडात असतानाच त्याला डब्यातल्या डाळीतलं जास्तीचं मीठ आठवायचं. रोज नुसता पट्टाच असता तर मी त्याचीही सवय करून घेतली असती असं मला वाटतं. पुडी की पट्टा, हे न कळण्यानं माझी वाट लावली. चाळीत सगळ्यांना ऐकू जायचं. घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणायचे आणि आपापल्या कड्या लावून घ्यायचे.

आई मी शाळेत असतानाच तापानं गेली. नंतर बापानं मारणं कमी केलं. मी मोठी झाले होते म्हणून, की त्याचाच जोर ओसरला म्हणून, देव जाणे. पण मी त्या फटीतून काही बाहेर आले नाही. कपाट विकलं तरी नाही.

लग्न करून दिलं ते पुन्हा समुद्राकाठीच, आमच्याच लोकांत. नवरा बोटीवर जायचा, गेला की दिवसच्या दिवस पाण्यात. माणूस बरा. त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. तरी तो फळीवरची काडेपेटी काढायला हात वर करायचा आणि माझी मान आपोआप आत जायची. तो हसून मला कासव म्हणायचा. मीही हसायचे. हसायचं नाही तर काय करायचं? त्याला सांगायला माझ्याजवळ शब्दच नव्हते. मला वाटायचं, सगळ्याच बायका अशा असतात. सगळ्याच उभ्या उभ्या जेवतात, सगळ्यांनाच भूक लागलेली कळत नाही, सगळ्यांचेच खांदे संध्याकाळपर्यंत दगड होतात.

मग मुलगी झाली, आणि मला कळलं की सगळ्या अशा नसतात.

ती माझ्याकडे झोपायची नाही. दूध प्यायची, पण पिऊन झालं की चुळबुळ, कण्हणं, हातपाय झाडणं. सासूबाईंकडे दिली की त्यांच्या त्या हाडकुळ्या खांद्यावर मान टाकून मिनिटात गाढ. सासूबाईंच्या अंगाला सुक्या मासळीचा वास, तोंडात मशेरी, आवाज फाटका. त्या काही तिला गात नव्हत्या की थोपटत नव्हत्या. एका हातानं पोरीला धरून दुसऱ्या हातानं शेजारणीशी भांडायच्या. तरी पोरगी तिथं झोपायची. आणि दुपारी तीनला, ती माझ्याकडे असली, तर नुसतं रडणं नाही, काळीनिळी व्हायची. खोटं कशाला बोलू, मला सासूबाईंचा इतका मत्सर वाटायचा की त्यांच्या हातून पोर ओढून घ्यावी आणि समुद्राच्या कडेनं चालत सुटावं. आणि मत्सराच्या खाली भीती. मी आयुष्यात बापाला घाबरले नसेन इतकी त्या वेळी घाबरले. मला वाटायचं, माझ्या अंगाला काहीतरी आहे आणि ते पोरीला कळलंय. ही मोठी होईल, मला आई म्हणेल, आणि माझ्याजवळ कधीच यायची नाही.

सासूबाईंनी आपल्या परीनं सगळं केलं. मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मनगटात काळा दोरा घातला. घुटी बदलली. माझं वांगं बंद केलं, डाळ बंद केली. मग एके दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की पोरीला भोंगा लागतो. वसाहत आमच्या गावापासून लांब, पण वारा पडला की भोंगा पुसट ऐकू यायचा. झालं. दुसऱ्या दिवसापासून तीन वाजायच्या आधी पोरीच्या कानात कापसाचे बोळे. त्यावरून घट्ट टोपडं. ऐन दुपारी, घामानं निथळणारं पोर, आणि डोक्याला टोपडं! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. पण त्या वेळी मलाही ते पटलं होतं. कापूस मीच पिंजून द्यायचे. आमच्याकडे कुठलंही पोर रडलं की आम्ही आधी वारा, दृष्ट आणि आवाज यांना धरतो. ज्या मांडीवर ते रडतंय त्या मांडीकडे कुणी बघत नाही.

कापसाचा उपयोग झाला नाही. आणि मग तो वसाहतीच्या सुट्टीचा दिवस आला.

सुट्टीच्या दिवशी भोंगा होत नाही, म्हणून कापूस नव्हता, टोपडं नव्हतं. मी ओटीवर बसले होते. अंगणात बोंबील वाळवायची वलांडी होती, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून त्या दोऱ्यांवर टाकलेले. पोरगी दूध पिऊन माझ्या मांडीवर पडली होती आणि नवल म्हणजे तिचे डोळे मिटत होते. मी हलत नव्हते. मनात म्हणत होते, झोप गं बाई, एकदा तरी माझ्याकडे झोप. आणि वलांडीची सावली, रोज तीनला लागते तशी, सरकत सरकत पायरीला लागली.

घड्याळ घरात होतं, मी ते बघितलं नव्हतं. भोंगा नव्हता. पण ती सावली पायरीला लागली आणि पोरगी किंचाळून उठली.

सासूबाई वलांडीवरचे मासे उलटत होत्या त्या धावत आल्या. आधी वसाहतीच्या दिशेनं कान दिला. मग पोरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता पोर उचलून नेणार, पण त्यांनी पोरीला हात लावला नाही. माझ्या खांद्यावर बोटं रोवली, मग पाठीवर, मग दंडाला धरून बघितलं. बाजारात मासा दाबून बघतात तसं. मी नुसती ताठ.

"भोंगा पोरीला नाय लागत," त्या म्हणाल्या. "भोंगा तुज्या आंगात हाय."

मला राग आला. इतका राग की मी पोर त्यांच्या हातात कोंबली आणि विहिरीवर निघून गेले. पोर त्यांच्याकडे गेल्या गेल्या गप्प झाली, तेही मी जाता जाता ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बोट लागली होती. एरवी मला घरचंच काम असायचं. मी चाळीत वाढलेली, मला मासळीतलं काही येत नाही हे सगळ्यांनी धरलंच होतं. त्या दिवशी सासूबाईंनी पोरीला झाडाला बांधलेल्या झोळीत टाकलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, चल. किनाऱ्यावर पाट्या भरून ठेवल्या होत्या. ओला बोंबील म्हणजे अर्धं पाणीच. जड, लिबलिबीत, सुटत जाणारा. त्यांनी माझ्या डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली. मग पाटी दोन्ही हातांनी उचलून माझ्या डोक्यावर नेली.

त्यांचे हात वर आले, आणि मी खाली बसले. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडासमोर, गुडघे पोटाशी. पाटी कलंडली आणि सगळा माल वाळूत.

बोंबिलाला वाळू लागली की काम वाढतं, आणि सासूबाई त्याहून किती तरी लहान गोष्टीवरून सात पिढ्या काढायच्या. मी वाट बघत बसले. शिव्या आल्या नाहीत. कोपरांतून बघितलं तर त्या समोर वाळूत उकिडव्या बसल्या होत्या.

"कोन मारत व्हता गो तुला?"

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. चाळीतल्या कुणी नाही, शाळेतल्या बाईंनी नाही. मी म्हणाले, "बाप."

त्यावर त्यांनी माझ्या बापाला अशी एक शिवी घातली की ती मी इथं लिहू शकत नाही. होडीच्या एका भागाचा आणि माणसाच्या एका भागाचा तिच्यात संबंध होता. मला हसू फुटलं. हसता हसता रडू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. सासूबाईंनी मला जवळबिवळ घेतलं नाही. मासे वेचायला लागल्या. मग मीही वेचायला लागले. दोघींनी ते खाऱ्या पाण्यात धुतले, पाटी पुन्हा भरली. या वेळी हात वर करायच्या आधी त्या म्हणाल्या, "ठेवते हां." आणि थांबल्या. मी मान हलवली तेव्हा ठेवली.

त्या दिवसापासून तीनच्या वेळचं ओझं माझं. बोट लागली असेल तर मासे, नाहीतर विहिरीचं पाणी, तेही नसलं तर नुसती सरपणाची मोळी. सासूबाईंनी काही समजावून सांगितलं नाही. त्यांना समजावता येतच नव्हतं, नुसतं खेकसता यायचं. मान सोड. दात कशाला खातीस. खांदं खाली घे, ते कानातलं डूल नायत. आणि दर वेळी न चुकता, ठेवते हां.

पाटी डोक्यावर असताना श्वास धरला की मान ताठते, मान ताठली की पाटी डुलते, आणि डुलली की बोंबिलाचं पाणी थेट डोळ्यात. दुसरं कुणी सांगायची गरज नाही. किनाऱ्यावरून वलांडीपर्यंत चालताना मला माझं अंग पहिल्यांदा कळायला लागलं. आता पोट आवळलं. आता बोटं वळली. आता भोंग्याची वेळ झाली वाटतं, कारण पाणी डोळ्यात आलं. मग टाच वाळूत रुतवायची, ती किती रुतते ते बघायचं, श्वास सोडायचा आणि पुढचं पाऊल. वलांडीवर बोंबील टाकताना दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागायचे. छाती उघडी टाकून उभं राहायचं. सुरुवातीला मला त्यात चोरट्यासारखं वाटायचं, कुणी बघतंय की काय असं.

मला वाटलं होतं, अंग सैल झालं की बरं वाटेल. कसलं काय! खांदे उतरले तसे ते ठणकायला लागले. अंगभर जुनं दुखणं उठलं. भूक लागायला लागली, तीही अशी की भाकरीवर भाकरी खाऊन मी आणखी मागायचे आणि नवरा टकमक बघत राहायचा. आणि राग. बाई गं, तो राग! मी नवऱ्याशी भांडले, शेजारणीशी भांडले, बोईसरच्या बाजारात सुकं विकायला गेले तिथं एका गिऱ्हाइकानं हिंदीत भाव पाडून मागितला तर त्याच्या अंगावर असे बोंबील भिरकावले की सासूबाईंनाच मध्ये पडावं लागलं. परतताना रिक्षात त्या इतक्या हसत होत्या की मशेरीची पुडी त्यांच्या मांडीवर सांडली. मला मात्र वाटत होतं, ही आपली सुधारणा की आपण बापावर चाललोय? रात्रंदिवस तोच घोर. मी पोरीला हात लावायच्या आधी स्वतःच्या हाताकडे बघायचे.

एकदा न राहवून मी सासूबाईंना ते विचारलंही. त्या म्हणाल्या, बोंबील फेकून मारलेस गिऱ्हाइकाला, पोरीला नाय. आणि वलांडीवरचे मासे उलटायला लागल्या.

हळूहळू पोरगी माझ्या खांद्यावर टिकायला लागली. आधी थोडा वेळ. मग सकाळची झोप माझ्याकडे. मी तिला घ्यायच्या आधी म्हणायला लागले, घेते हां. तिला काय कळत होतं? पण माझ्या हातांना कळत होतं. फक्त तीनची वेळ मी तिला सासूबाईंकडे देऊन पाटी उचलायचे. ती वेळ मी टाळतच होते. तेवढं मला जमणार नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि अशाच एका दुपारी बाप आला.

बारशाला तो येऊन गेला होता, तेव्हा मी दिवसभर चुलीपुढून उठले नव्हते. आता तो निवृत्त झाला होता. येतो येतो असा निरोप कितीदा पाठवलेला, पण आला नव्हता, आणि मी आता तो येत नाही असं धरून चालले होते. सासूबाई वलांडीच्या पार पलीकडच्या टोकाला होत्या. पोरगी माझ्या खांद्यावर नुकतीच झोपली होती. तिला पलीकडे नेऊन देते, म्हणून मी ओटीवरून उतरायला लागले, तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला. मी तिथंच थांबले. आणि भोंगा विरतोय न विरतोय तोच अंगणात सायकलचं स्टँड लागलं.

तेच स्टँड, तीच सायकल. हळू लागलं की आपटून, मला कळलंच नाही. माझे खांदे कानाशी गेले. पोट आत गेलं. डोळ्यांसमोर कपाटाची फट आली, तिच्यातल्या जुन्या वहाणांचा वाससुद्धा आला. खांद्यावर पोरगी ताठ झाली आणि तिनं तोंड उघडलं. ते रडणं यायच्या आधीचं तोंड मी चांगलं ओळखत होते.

डोक्यावर पाटी नव्हती, पण मी पाटीखाली चालावं तशी उभी राहिले. टाच जमिनीवर. शेणानं सारवलेली गार जमीन. मान सोडली. दात सोडले. श्वास सोडला, पोटातून, सगळा. पोरीनं तोंड मिटलं. एकदा उसासा टाकला आणि गाल पुन्हा माझ्या मानेला लावला. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं.

बाप पायरीपाशी आला. म्हातारा झाला होता. माझी नजर सवयीनं त्याच्या कमरेकडे गेली. तिथं पट्टा नव्हता, पायजम्याची नाडी लोंबत होती. हातात पुडी होती, तेलानं कागद डागाळलेला. त्यानं पुडी काखेत धरली आणि दोन्ही हात पुढे केले, देवळात प्रसाद घ्यायला करतात तसे. म्हणाला, आण इकडं, बघू दे नातीला.

लहानपणापासून त्यानं आण म्हटलं की मी आणायचे. पलीकडे सासूबाईंचे हात दोरीवर थांबलेले मला दिसले. त्या आल्या मात्र नाहीत.

"आत्ता नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे झोपलीय ती."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि पायरीवर बसला. पुडी मांडीवर ठेवली. समुद्राकडे बघत राहिला. मध्ये एकदा खोकला आला तर त्यानं तोंडावर हात धरला, पोरगी जागी होऊ नये म्हणून. मला त्याची दया आली आणि दया आली म्हणून रागही आला, दोन्ही एकदमच. पाय म्हणत होते, चल, इथून हल, आत जा, चहा टाक, काहीतरी कर. मी हलले नाही. वलांडीची सावली पायरीवरून चढून त्याच्या गुडघ्यापर्यंत आली, पुडीतली भजी गार झाली असतील. पोरगी उठेपर्यंत तो तिथंच बसून राहिला, आणि मी तिला उठवलं नाही.